ज्याचा हात त्याची जोडी

"डोळे मिटा," गोपाळराव म्हणाले.

हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतल्या त्या तरुणाने आधी दुकानात कोणी बघत नाही ना याची खात्री केली आणि मग डोळे मिटले. त्याच्या हातात समुद्रावर मासे धरायचा हलका रॉड होता आणि रॉडला त्याने हट्टाने लावून घेतलेलं दोरी गुंडाळायचं, चार हजार नंबरचं दणकट रील. मोबाइलवर कुठल्या तरी गोऱ्या माणसाने तेच घ्या म्हणून सांगितलं होतं.

"काका, किती वेळ उभं राहायचंय असं?"

"माझा चहा संपेपर्यंत."

चहा अर्ध्यावर यायच्या आत पोराचं मनगट खाली आलं. गोपाळरावांनी कप ठेवला. समुद्रावर सकाळच्या चार तासांत तीन-चारशे वेळा गळ फेकावा लागतो आणि आपण अर्ध्या कपात दमलात, हे त्यांनी त्याच्या लक्षात आणून दिलं. आपल्याला मासा धरायचा आहे की विहिरीवर मोट ओढायची आहे, असंही विचारलं. मग ते रील काढून त्यांनी पंचवीसशे नंबरचं लावलं, रीलच्या जरा पुढे रॉडखाली एकच बोट धरलं आणि दुसरा हात काढून घेतला. रॉड बोटावर तराजूच्या दांडीसारखा आडवा राहिला. पोराने पुन्हा डोळे मिटले, चहा संपला, तरी त्याचा हात खाली येईना.

खूश होऊन त्याने मित्रासाठीही रॉड-रीलची एक जोडी मागितली. ती काही त्याला मिळाली नाही. मित्राचा हात मित्राच्याच खांद्याला असेल, तेव्हा त्यालाच घेऊन या, असं गोपाळरावांनी सांगितलं. ज्याचा हात त्यानेच यायचं, हा त्यांचा नियम होता. गिऱ्हाईक हातचं गेलं तरी चालेल, पण न पाहिलेल्या हातासाठी ते जोडी लावत नसत.

बाजीराव रस्त्यावरच्या रानडे क्रीडा भांडारात गोपाळकृष्ण वाटवे एकतीस वर्षं नोकरीला होते. दुकान तसं बॅटींचं, कॅरमचं आणि बक्षिसांच्या कपांचं. मालक आप्पासाहेब रानडे यांनी कधी काळी हौसेने मासेमारीचं सामान ठेवलं आणि तो कोपरा गोपाळरावांच्या गळ्यात पडला. आता शनिवार-रविवार कोकणात पळणारी सगळी आयटीची मंडळी त्या कोपऱ्यासाठीच दुकानात येत. गंमत अशी, की गोपाळरावांनी जन्मात कधी मासा ताटात घेतला नव्हता आणि समुद्रात गळही टाकला नव्हता. समुद्र त्यांनी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा मुंबईत, आणि दोन्ही वेळा लग्नासाठी मुलगी बघायला गेले असताना. दोन्हीकडे जमलं नाही. एका मुलीच्या वडिलांना त्यांनी आपला घसा आणि वाणी दोन्ही कोरडी आहेत म्हणून सांगितलं होतं, आणि चहा मागितला होता. जिभेने त्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुंडलीने केलं नाही.

त्यांचा खरा समुद्र रीलच्या पोटात होता. मोसम संपला की लोक रील साफ करायला आणून देत. गोपाळराव वर्तमानपत्र पसरून ते खोलत, आतून वाळूचे दोन-चार कण आणि पांढरं वाळलेलं मीठ कागदावर पडे. त्यावरून कोण कुठल्या किनाऱ्याला गेला होता आणि कोणी घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने धुतलं नव्हतं, हे ते अचूक सांगत.

या सगळ्या रीलांत एका रीलची ते वर्षभर वाट बघत. ते हेमा पाटणकर बाईंचं.

बाई भूगोल शिकवत. अकरा वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या मनगटाला पट्टी होती आणि हातात एक अवजड रॉड, त्यावर त्याहून अवजड रील. गोपाळरावांनी नुसतं बघून सांगितलं, "हे तुमचं नाही."

"यांचं होतं," बाई म्हणाल्या. "दर दिवाळीत आम्ही गुहागरला जायचो. आता मी एकटी जाते."

गोपाळरावांनी तो रॉड त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. दुकान एक वाजता बंद व्हायचं, ते त्या दिवशी अडीचपर्यंत उघडं राहिलं. दुकानाच्या स्थापनेपासून असा प्रकार झाला नव्हता, हे आप्पासाहेब पुढे कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या दुपारी गोपाळरावांनी सात रॉड आणि पाच रीलं एकमेकांना लावून पाहिली आणि बाईंच्या हाताला शेवटी अशी जोडी दिली, की बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

पुढच्या ऑक्टोबरात रील साफ करायला आल्या तेव्हा बाईंनी विचारलं, एकदा गुहागरला या ना, तुम्ही जोडलेलं कसं चालतं ते बघा तरी. गोपाळराव म्हणाले, "समुद्र काय पळून जातोय?" बाई हसल्या. मग तो रिवाजच पडला. दर ऑक्टोबरात बाई एकला दहा मिनिटं कमी असताना येत, विचारत, गोपाळराव तेच उत्तर देत आणि दोघं हसत. सुरुवातीला घरी आजारी आई होती, ते कारण खरंच होतं. पाचव्या वर्षी आई गेली. सबब संपली, उत्तर तेच राहिलं. गोपाळरावांना बाईंची ओढ होती. ऑक्टोबर जवळ आला की ते दुकानाच्या पायरीवरची पावलं ओळखायला बघत. हे स्वतःशी कबूल करायलाच त्यांना आठ वर्षं लागली, त्यामुळे बाईंना सांगायला किती लागतील याचा हिशोब त्यांनी केला नव्हता.

पण यंदा त्यांनी ठरवलं होतं. श्रावणात, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी स्वतःच्या हातासाठी जोडी लावली. तीन आठवडे लागले. साडेसात फुटी हलका रॉड, पंचवीसशेचं रील, बारीक विणलेली दोरी. बाईंच्या जोडीशेजारी उभी केली तर शोभेल अशी. सदाशिव पेठेतल्या इमारतीच्या गच्चीवर रोज सकाळी ते शिशाचं वजन बांधून फेकायचा सराव करू लागले. तिसऱ्या दिवशी वजन शेजारच्या मंदाकिनीताईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यात जाऊन अडकलं.

"गच्चीवर कसले मासे मिळतात, गोपाळराव?" ताईंनी विचारलं.

"सध्या सुती," गोपाळराव म्हणाले.

ताईंनी तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी त्यांची वाळत घालायची दोरी कठड्याच्या पलीकडच्या अंगाला गेलेली होती. महिन्याभरात गोपाळरावांचं वजन टाकीच्या झाकणावर नेमकं पडू लागलं. जोडी त्यांनी धुतलेल्या धोतरात गुंडाळून दुकानातल्या कॅरम बोर्डांच्या मागे ठेवली. उत्तरही पाठ केलं. या खेपेला बाईंनी विचारलं, की म्हणायचं, "कधी निघायचं?"

आपली जोडी घेऊन हिंजवडीचा पोरगा पायरी उतरला आणि खांद्याला आपला रॉड लावून पाटणकर बाई चढून आल्या. घड्याळात एकला दहा मिनिटं कमी होती.

गोपाळरावांनी अर्धं शटर ओढलं, वर्तमानपत्र पसरलं आणि बाईंचं रील खोललं. वाळू पडली. त्यांनी ती पुसली, तेल दिलं, जितकं रमतगमत करता येईल तितकं केलं आणि प्रश्नाची वाट पाहिली. बाई उन्हाळ्याबद्दल बोलल्या, निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलल्या. प्रश्न आला नाही. शेवटी रीलचं झाकण बसलं.

"यंदा एक काम जास्तीचं आहे," बाई म्हणाल्या. "आणखी एक जोडी हवी आहे."

"कोणासाठी?"

बाईंनी नजर खाली न घालता सांगितलं. श्रीनिवास बर्वे म्हणून गुहागरचे एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले. तीन वर्षं किनाऱ्यावर ओळख होती. दिवाळीनंतर दोघं नोंदणी पद्धतीने लग्न करणार होते आणि बाई पुण्यातलं घर आवरून तिकडेच राहायला जाणार होत्या. बर्व्यांनी कधी गळ टाकला नव्हता, पण आता शिकतो म्हणत होते.

"वा," गोपाळराव म्हणाले. मग हातातलं फडकं त्यांनी नीट चार पदरी घडी करून ठेवलं. "पण माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. माणूस आणावा लागेल."

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर प्रवास नको म्हणालेत. आणि मी तर पुढच्या आठवड्यात जाणार." बाईंनी काउंटरवरच्या त्यांच्या हाताकडे पाहिलं. "उंची तुमच्याएवढीच आहे. हातही असाच. तुमच्या हाताला जे बसेल, ते त्यांना बसेल."

गोपाळरावांनी एकामागून एक तीन जोड्या काढल्या. प्रत्येक हातात घेऊन डोळे मिटले. पहिली टोकाला जड होती. दुसरीचं रील मोठं पडत होतं, त्यातून सुटणारी दोरी रॉडच्या पहिल्या कडीला थडकली असती. तिसरी चांगली होती, पण धोतरात गुंडाळलेल्या जोडीइतकी हाताला बसत नव्हती. दुसऱ्या कोणीही तीच बांधून दिली असती, बाईंना कळलं नसतं आणि बर्व्यांना तर जन्मात कळलं नसतं. गोपाळरावांनीही तीच द्यायची ठरवली आणि पावती पुस्तक पुढे ओढलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली. पुढे लेखणी चालेना. खुळ्या जिभेने जे घालवलं ते घालवलं, आता हाताने खोटं कसं बोलायचं? ते उठले, स्टूल घेतलं आणि कॅरम बोर्डांच्या मागचं गाठोडं खाली काढलं.

बाईंनी धोतर उलगडलं. रॉडखाली बोट धरलं, तो आडवा राहिला. मग त्यांनी रीलवरची दोरी अंगठ्याने चाचपली. अकरा वर्षांत त्यांनाही बरंच कळायला लागलं होतं.

"ही वापरलेली आहे," त्या म्हणाल्या.

"गच्चीवर तपासून बघितली."

"कोणासाठी लावली होतीत?"

गोपाळरावांना या प्रश्नाची तीन खुसखुशीत उत्तरं सुचली. तिन्ही त्यांनी गिळली.

"मला वाटलं, यंदाही तुम्ही विचाराल," ते म्हणाले.

बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. रॉडवरचा बाईंचा हात निघाला नाही.

"गेल्या वर्षी विचारताना मी मनाशी म्हटलं होतं, की ही शेवटची वेळ," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही नेहमीचंच म्हणालात. मी हसलेही."

"हो. मीही."

"दुसरी द्या गोपाळराव. ही नको."

"बाई, हाताला हीच बसते. तुम्हीच म्हणालात ना, हात सारखे आहेत." त्यांनी जोडी पुन्हा धोतरात गुंडाळायला घेतली. "नवी दोरी भरून देतो."

"दोरी हीच राहू दे," बाई म्हणाल्या.

पैसे द्यायचा-न द्यायचा वाद झाला नाही, छापील किमतीची पावती फाटली. गोपाळरावांनी शटर उचलून धरलं. खांद्याला दोन लांब रॉड लावून बाई बाजीराव रस्त्याच्या गर्दीत शिरल्या. बाई दिसेनाशा झाल्यावरही रॉडची दोन टोकं बराच वेळ डोक्यांच्या वर हलताना दिसत होती.

चार वाजता दुकान नेहमीसारखं उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने पाय गच्चीवर गेले. मंदाकिनीताई पलीकडच्या अंगाला, सावलीत, ओल्या चादरी पिळत होत्या. त्यांनी गोपाळरावांचे रिकामे हात पाहिले.

"ताई, तिथे ऊन येत नाही," गोपाळराव म्हणाले. "दोरी परत इकडे आणा. मला आता जागा लागणार नाही."

गोपाळरावांनी स्वतःच कठड्याची दोरी सोडली आणि आणून टाकीजवळच्या खांबाला बांधली, त्यांना येत होती त्या गळाच्या गाठीने, जी ओढलं की आणखी घट्ट बसते. मग ताईंनी दिलेल्या चादरीचं एक टोक धरलं. चादर ओली होती, जड होती. दोरी थोडी वाकली आणि थांबली.