काचेपलीकडचा हात

दचकू नका, मित्रांनो! कपाटात कुजबुजते ती भुताटकी नव्हे. मी एक जुनी टेप आहे, रेडिओ केंद्रातली.

कारखान्यातून आले तेव्हा नुसती चकाकत होते. पण टेप महाग. कार्यक्रम झाला की पुसायची आणि पुन्हा वापरायची, ही इथली रीत. आमचे निवेदक हरवलेल्यांची नावं पुकारायचे. लोक म्हणायचे, "यांनी हाक मारली की माणूस घरी येतोच!" ते वारले, आणि त्यांचं एकच बोलणं उरलं. ते माझ्यावर होतं. त्यांची लहानगी लेक मध्येच दार ढकलून आली म्हणून वाया गेलेलं. केंद्रातल्या तंत्रज्ञकाकांनी मायेपोटी ते पुसायचं टाळलं होतं.

केंद्राला कायमचं टाळं लागणार म्हणून परवा ती लेक आली. आता मोठी बाई झाली आहे.

"काका, बाबांचा चेहरा आठवतो, आवाजच आठवत नाही हो."

"पोरी, या टेपचा आवाज धरणारा तांबडा लेप सुटलाय. एकदाच वाजेल. वाजता वाजताच दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेतो."

मी फिरू लागले. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलं की आमचा आवाज शेजारच्या पदरावर उमटतो. म्हणून शब्द आधी पुसट येतो, मग मोठ्याने.

"कोण आहे?" निवेदकांचा आवाज पुसट आला. लेकीच्या अंगावर काटा उभा राहिला.

"कोण आहे?"

"मी आहे, बाबा," ती बोलून गेली.

"तू होय! ये, आत ये. खोकू नकोस हं, लोक ऐकतायत."

खरं सांगते, माझीही गाळण उडाली. दार ढकललं त्या दिवशी ती चिमुरडी गप्पच उभी होती. उत्तराची जागा इतकी वर्षं रिकामी होती.

ती हसत होती, रडत होती. माझी तांबडी भुकटी झडत होती. टेप संपली.

"काका, उतरलं ना सगळं?"

काकांचं बोट उतरवून घ्यायच्या बटणावर तसंच होतं, न दाबलेलं. नजर स्टुडिओच्या काचेपलीकडच्या, निवेदकांच्या रिकाम्या खुर्चीवर. निवेदकांनी हात वर केल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी ते बटण दाबलं नव्हतं.

"बसलाय तुझा बाबा समोर," काका पुटपुटले. "पण हातच वर करत नाही गं."

तिने मला पुन्हा लावायला लावलं. नुसती खरखर. तरी ती कान लावून म्हणत राहिली, "मी आहे, बाबा. मी आहे."

मित्रांनो, तुमच्या घरातले आवाज आजच जपून ठेवा. माझ्यावर आता काहीच उरलेलं नाही.