चिमटीतली चोच

आमच्या घरात घाबरून मेलेल्या कोंबडीची किंकाळी हवेत विरत नाही. ती जवळची रिकामी जागा बघते आणि तिथं जाऊन बसते. पहिली दुधाच्या पातेल्यात बसली. मग एक घागरीत, एक कुकरात. तेव्हापासून कुकर शिट्टी देत नाही, कोंबडीसारखा ओरडतो आणि शेजारच्या मालनकाकू भिंतीवरून विचारतात, "डाळ शिजली व्हय गं?"

आम्हाला त्याचं नवल राहिलं नव्हतं. झाकणं सुतळीनं बांधून टाकायची, एवढंच. मिठाच्या बरणीत एक जाडजूड कोंबडा बसला तेव्हा मात्र पंचाईत झाली. बरणी उघडली की तो असा केकाटायचा की हातातलं मीठ जमिनीवर. शेवटी आम्ही अळणी जेवायला शिकलो.

हे सगळं सर्जेराव भावजींचं कर्तृत्व. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. कोंबडी मारायचा मान त्यांचा, कारण आमच्याकडे बाई कोंबडी पाळते, सोलते, शिजवते, वाढते, पण मारत नाही. भावजींचं म्हणणं असं की कोंबडी पळवल्याशिवाय रस्सा गोड लागत नाही. म्हणून आधी ते परसभर तिच्यामागं धावायचे, आणि धरली की तिच्या डोळ्यांसमोर कोयत्याला धार लावत बसायचे. धार काही लागायची नाही. कोयता बोथट आणि माणूस हौशी.

शेवटचा कोंबडा त्यांनी मारला तेव्हा घरात एकही भांडं मोकळं नव्हतं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, परसदारी बसून जांभई देत होत्या. किंकाळी त्यांच्या तोंडात शिरली. आत्याबाईंनी तोंड मिटलं, गिळल्यासारखं केलं, पुन्हा उघडलं, तर आतून कोंबडा ओरडला. त्या दिवसापासून त्या बोलायच्या बंद झाल्या.

लग्न होऊन आल्यापासून आत्याबाईंचं आणि माझं रोज भांडण. गल्लीतल्या बायका हातातली कामं टाकून ऐकायच्या. त्यांचा आवाज गेला तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. थोडे दिवस बरं गेलं. मग घर खायला उठलं. मी एकटीनं दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं, पण एका हातानं टाळी वाजत नाही. खरं सांगते, मला त्यांची शिवी हवी होती. भाकरीपेक्षा जास्त हवी होती.

अशात तांबडीला मुंगसानं धरलं. तांबडी आमची जुनी अंडीवाली कोंबडी. मी ओरडत गेले म्हणून मुंगूस पळालं, पण तिची मांडी फाटली होती आणि पाय उलटा लोंबत होता. हळद भरली, पट्टी बांधली. ती पाणीही पिईना. डालग्याच्या पालथ्या टोपलीखाली पडून होती आणि तिची पापणी सारखी वरखाली होत होती. तिला तसं ठेवणं म्हणजे पाप होतं.

"उद्या सकाळी करतो मोकळी," भावजी म्हणाले आणि कोयता शोधायला निघाले.

"तुम्ही नाही," मी म्हटलं. "मी मारणार."

"बाईमाणसानं?"

"व्हय. अन् ती ओरडणार न्हाई."

भावजी हसले. "आन् वरडली तर? भांडं कुठलं मोकळं हाय?"

मोकळं भांडं नव्हतंच. पण एक गोष्ट मी रोज बघत होते. उजाडायच्या आधी, कोंबड्या अजून झोपेत असताना, मी तांबडीला उचलून बाजूला ठेवून अंडं घ्यायची. तेव्हा ती कधी ओरडली नव्हती. मी तिच्याशी हळूहळू बोलत असायची आणि ती माझ्या कोपरात मान टाकायची. म्हणजे बोलणं थांबलं नाही तर ती घाबरणार नाही. हात मात्र चुकायला नको होता. मी ओल्या पंच्याचा घट्ट पीळ केला आणि संध्याकाळभर त्याच्यावर सराव केला. एका हातात पाय, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत मान, खाली ओढायचं आणि मागं वळवायचं. दोन हालचाली नाहीत, एकच. आत्याबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. पीळ सैल पडला की त्या माझ्या कोपरावर चापट मारायच्या.

पहाटे सगळी गल्ली परसात आली. येताना ज्यानं त्यानं आपल्या तोंडाला फडकं बांधलं होतं. मालनकाकूंनी उखळ पालथं घातलं. कुणी मोरीच्या तोंडात बोळा कोंबला, कुणी हापशाला पिशवी बांधली. भावजींनी आपल्या दोन्ही कानांत कापूस घालून घेतला, कारण लोक म्हणायचे की त्यांच्या कानांच्या मधेही बरीच मोकळी जागा आहे. आत्याबाईंनी पदर दातांत धरला.

मग मला दिसलं की अख्ख्या परसात उघडं तोंड एकच होतं. माझं. मला बोलायचं होतं, त्यामुळे ते बंद करता येत नव्हतं. हात जरा चुकला की तांबडी माझ्या गळ्यात येऊन राहणार आणि मी जन्मभर तिच्या आवाजात ओरडणार. माणसं जवळ सरकली. भिंतीही जवळ सरकल्या. परस आता माझ्या दोन कोपरांएवढं रुंद होतं.

मी डालगं अलगद उचललं. तांबडीच्या डोळ्यांवर पदर टाकला. भावजींच्या जुन्या शर्टाची एक बाही मी उसवून ठेवली होती, तिच्यात तिला घातलं. पंख बाहीत दाबले गेले आणि मान मनगटाच्या जागेतून बाहेर आली.

"तांबडे," मी म्हटलं, "लई अंडी दिलीस बाई. तुझी पिल्लं मालनकाकूंच्या परड्यात उंडारत्यात. त्यातली एक तुझ्यासारखीच आगाव हाय. माझं खातीया अन् तिकडं अंडं घालतीया."

मालनकाकू फडक्याआडून काहीतरी म्हणाल्या.

मी तिच्या डोक्यावर पाण्याचे थेंब सोडले. कोंबडी असो की बकरं, पाणी टाकल्यावर त्यानं अंग झाडलं की होकार आला, असं आमच्याकडे मानतात. भावजी त्यासाठी कधीच थांबले नव्हते. मी थांबले. तांबडीनं अंग झाडलं नाही. मी तिला पावसाबद्दल सांगितलं, जोंधळ्याबद्दल सांगितलं. घसा कोरडा पडत चालला. भावजींनी खुणेनं विचारलं, कोयता देऊ? मी नाही म्हणून मान हलवली आणि बोलत राहिले. बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी तिला आत्याबाईंच्या शिव्या म्हणून दाखवायला लागले. एक एक, मऊ आवाजात, अंगाईसारख्या.

तांबडीनं डोकं झाडलं. पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर उडाले.

मी ओढलं आणि वळवलं.

बोटांखाली मान सुटल्याचं कळलं. बाहीत पंख थडथडले, पण त्या थडथडीत तांबडी नव्हती. ती आधीच गेली होती. मी माझं तोंड उघडंच ठेवून वाट बघितली. किंकाळी आली नाही. कुठूनच आली नाही. लोकांनी डोळे मिटले होते, ते त्यांनी एकेक करून उघडले.

मग स्वयंपाकघरात सुतळ्या तुटायला लागल्या. पातेल्याचं झाकण उडालं, घागर आडवी झाली, कुकर कट्ट्यावरून उतरला. सगळ्या किंकाळ्या दार ढकलून परसात आल्या आणि ओळीनं, शिस्तीत, तांबडीच्या उघड्या चोचीत शिरल्या. आत जागाच जागा होती. सगळ्यात शेवटी आत्याबाई खोकल्या आणि त्यांच्या तोंडातून तो कोंबडा निघाला. तो आत गेला तशी मी चोच चिमटीत धरली आणि दाबली.

आत्याबाईंनी घसा खाकरला.

"सर्ज्या, मुडद्या," त्या म्हणाल्या, "कानातला कापूस काढ, आन् ऐक. आजपासनं कोयता तुझ्या हातात दिसला तर तुलाच डालग्याखाली घालीन." मग माझ्याकडे वळल्या. "आन् तू गं भवाने, माझ्या शिव्या कोंबडीला देतीस? आँ? दिल्यास तर दिल्यास, त्यातबी दोन चुकवल्यास!"

मी रडायलाच लागले. इतकं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं. गल्लीनं फडकी काढून हवेत उडवली. भावजी शर्टाची दुसरी बाही फाडून झेंड्यासारखी नाचवायला लागले. बायकांनी मला कुंकू लावलं, माझी ओटी भरली. ओटी कमरेला खोचावी लागली, कारण माझे दोन्ही हात गुंतले होते.

तांबडी जड होत होती. आधी बकऱ्याएवढी, मग त्याहून जड. मी ती छातीशी धरली होती आणि माझे पाय घोट्यापर्यंत मातीत गेले होते. चिमटीतल्या चोचीला आतून सगळ्या किंकाळ्या ढकलत होत्या. बोटं पांढरी पडली, पण सोडायचा प्रश्नच नव्हता. आज मी जिंकले होते.

"सरका, सरका," आत्याबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांच्या हातात गुळाचा मोठा खडा होता. "माझ्या सुनेचं त्वांड गोड केल्याबिगर कुणी हलायचं न्हाई."

त्यांनी खडा माझ्या ओठांपाशी आणला. त्यांचे डोळे भरले होते.

"आ कर," त्या म्हणाल्या.

मी आ केला.