लेकीचा थेंब

माझी लेक मासे बघते. ती काय करते असं कुणी विचारलं की मला एवढंच सांगता यायचं, आणि धाकटी जाऊ हसू दाबायची. तिच्याकडे सांगायला जावयाचं दुकान, मुलाची गाडी, नव्या घराच्या फरशा. माझ्याकडे पस्तिशी उलटलेली बिनलग्नाची पोरगी, दिवसभर भिंगाला डोळा लावून बसणारी. "निदान खायचे तरी मासे असते, जाऊबाई," असं तिनं एकदा चार लोकांत म्हटलं. सगळे हसले. मीही हसले, पण ते काळजात रुतून बसलं.

म्हणून लेकीनं मला तिच्या प्रयोगशाळेत नेलं तेव्हा मी डोळे फाडून सगळं बघून घेतलं. बशीतल्या पाण्यात अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं होती, काचेसारखी आरपार. लेक सांगत होती, शरीर घडताना पेशी एकमेकींना निरोप देतात, इथे डोळा कर, तिथे थांब. काम झालं की निरोप बंद व्हायला हवा. कुणाच्यात तो बंदच होत नाही, मग पेशी वाढत सुटतात आणि गाठ होते. एका बशीतल्या पिल्लांच्या डोक्यामागे तसले फुगवटे दिसत होते. शेजारच्या बशीत तिनं औषधाचा थेंब टाकला होता, तिथली डोकी साफ. पुढेही ती काहीबाही सांगत होती, पण मी तोवर स्टुलावरून उठले होते. मला हवं ते मिळालं होतं.

त्यानंतर जावेच्या धाकट्या मुलीचा तोल जायला लागला. सकाळी उठली की उलट्या. तपासलं तर मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ. ऑपरेशनची तारीखही ठरली. मी भेटायला गेले तर जाऊ भिंतीला टेकून बसलेली, केस न विंचरलेले. पोर पुन्हा धड चालेल की नाही याची डॉक्टर खात्री देत नाहीत म्हणाली.

मी म्हटलं, "कापाकापी कशाला? माझ्या लेकीच्या थेंबानं गाठ विरते. मी डोळ्यांनी पाहिलंय."

त्यात कीव नव्हती असं नाही. पण जाऊ आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघत होती, आणि ते मला किती गोड लागलं हे माझं मला ठाऊक.

त्याच आठवड्यात ती पोरीला घेऊन आमच्या दारात उभी राहिली. लेक नुकतीच कामावरून आली होती. जाऊ तिला एकेरीत बोलायची, त्या दिवशी 'बाई' म्हणाली. थेंब द्या बाई, म्हणाली, काय लागेल ते करू.

लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकूला खुर्चीवर बसवलं.

"काकू, गाठ वाढवणारा निरोप थांबला की डोळे घडवणारा निरोपही थांबतो. दोन्ही एकच आहेत. त्या पिल्लांचे डोळे नीट झाले नाहीत. त्यातलं एकही जगलं नाही. ते माणसाचं औषध नाही." मग तिनं विचारलं, "ऑपरेशन कधी आहे?"

"रद्द केलं," जाऊ म्हणाली.

लेकीचा चेहरा उतरला. कुणाच्या सांगण्यावरून, असं तिनं विचारलं. उत्तर पोरीनं दिलं, अगदी साधेपणानं, "पण मोठ्या काकूनं पाहिलं होतं ना?"

लेक मला बोलली असती तर मला उलट उत्तर देता आलं असतं. तिनं फक्त चपला घातल्या आणि चला म्हणाली.

हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीपलीकडच्या बाईनं कागद चाळले. ती तारीख दुसऱ्या रोग्याला दिली होती, आता पुढच्या महिन्यातली मिळेल म्हणाली. लेक तिला समजावत होती की ही गाठ महिनाभर थांबत नाही. बाई वैतागली. एवढं माहीत होतं तर रद्द कशाला केलंत?

मागे रांग उभी होती. जावेला माझं नाव घेता आलं असतं. मी तिच्या जागी असते तर घेतलं असतं, आणि चढ्या आवाजात. ती हळूच म्हणाली, "घरात अडचण होती हो."

एवढी वर्षं मी जिला पाण्यात पाहिलं, ती परक्यांसमोर माझी अब्रू झाकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खिडकीच्या गजाला हात लावला.

"अडचण नव्हती. मी सांगितलं म्हणून रद्द केलं. अर्धवट ऐकून मी फुशारकी मारली. ताई, चूक माझी आहे, पोरीची नाही. पाया पडते तुमच्या, डॉक्टरांना विचारा."

बाईनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि कागद घेऊन आत गेली. आधीची तारीख निघेल की नाही ते सांगता येत नाही, तोवर बसा, असं जाता जाता म्हणाली.

जाऊ बसली, पोरीचं डोकं खांद्यावर घेऊन. शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी होती. ती तिनं उचलली नाही, आणि मी उभीच राहिले.