ग्लेनिसने रंगवलेले नऊजण

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी बसलेल्याच्या वाट्याला निम्मीच कथा येते, हे कीर्तनाला जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. आज नऊ शिपायांची गोष्ट सांगतो. एकेक शिपाई करंगळीच्या दीड पेराएवढा, शिशाचा, चिलखत घातलेला, आपल्या पृथ्वीपासून फार लांबच्या कुठल्याशा ग्रहावर लढणारा. गोष्टीत दोषी कोण हे शोधायला नको, ते मी आधीच सांगून टाकतो: मी. शेवटी एक मागणं मागेन, तेवढं पदरात घाला म्हणजे झालं.

नॉटिंगहॅमच्या उत्तरेला आमचं गाव. मोज्यांच्या कारखान्यात यंत्रावर माझी तेहतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर हातांना काम हवं म्हणून मेथडिस्ट चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत शिरलो. आम्ही नऊजण. दोन टेबलं जोडायची, त्यांवर परग्रहावरची उजाड वस्ती मांडायची, आणि आठ-दहा शिपाई या बाजूला, तितकेच त्या बाजूला घेऊन फासे टाकत चकमक खेळायची. खेळ दोन तासांचा, पण खरं सुख त्याच्या आधीच्या दोन महिन्यांचं. शिपाई रंगवायचे, डोंगर, खाणी, पडके मनोरे उभे करायचे. आमच्या मंडळाचा एकच कडक नियम होता: ज्याला रंग नाही तो शिपाई टेबलावर चढणार नाही.

रंगकामात माझा हात चालायचा. डोळ्यांवर भिंग लावून बसलो की शिपायाच्या बुबुळातला पांढरा ठिपकासुद्धा काढायचो. मंडळी वाहवा करायची, आणि मला ती आवडायची. हे आत्ताच कबूल करतो, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं.

रॉय बेस्टविकचं काम डोंगरांचं. तो आयुष्यभर कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद पडली, तिचा लोखंडी मनोरा पाडला, आणि रॉयने तोच मनोरा शीतपेय प्यायच्या नळ्या, जुन्या पेनांची टोपणं आणि चहाचा पत्र्याचा डबा यांतून टेबलावर पुन्हा उभा केला. म्हणायला तो परग्रहावरचा. पण गावातला कुठलाही म्हातारा हॉलमध्ये डोकावला तर म्हणायचा, अरे, ही तर आपली चार नंबरची खाण.

मग रॉयचे डोळे गेले. पूर्ण आंधळा नाही झाला, पण नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग येऊन बसला. कडेकडेचं दिसायचं, समोर धरलेलं दिसायचं नाही. त्याने डोंगर सोडले नाहीत. फोम कापायचा, पांढरा डिंक लावायचा, वाळू भुरभुरायचा, सगळं अंगठ्याने चाचपून. खेळतानाही अंगठाच. मी कानाशी सांगायचो, रॉय, तुझ्या डावीकडे दोन वीत अंतरावर टेरीचा माणूस आहे. तो म्हणायचा, "टेरी वेळेवर आलाय? मग तो माणूस नकली असणार." टेरी कीटली जन्मात कधी वेळेवर आला नव्हता.

रॉयची बायको ग्लेनिस. तिने कधी फासा हातात धरला नाही, पण गुरुवारी चहा तिचा. किटली, कप, चीज आणि कांदा भरलेले पाव, सगळं ती बघायची. कोण किती साखर घेतो ते तिला पाठ. आमच्या भागात प्रेमाने कुणालाही 'बदका' म्हणतात. ती मला म्हणायची, "वॅस, बदका, एवढी साखर खाऊन तू अजून उभा कसा?" माझं वसंत हे नाव तिथे पहिल्याच दिवशी वॅस झालं होतं. ती एक हिवाळा आजारी होती, आणि वसंत ऋतूत गेली.

त्यानंतर दीड वर्षाने रॉयच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. तिथून उठला की तो डेव्हनला मुलाकडे कायमचा राहायला जाणार होता. जाण्याआधी त्याचा एक शेवटचा खेळ करायचा, असं मंडळाने ठरवलं. तो इस्पितळात असताना त्याच्या मांजराला खायला घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि घराची किल्लीही.

अंगणातल्या शेडमध्ये त्याचे डोंगर झाकून ठेवलेले होते. ओल लागली असेल का म्हणून बघायला गेलो, तर मागच्या फळीवर बिस्किटांचा एक डबा सापडला. उघडला. आत कापूस, आणि कापसात नऊ शिपाई.

मी भिंग लावून एकेक पाहिला. रंग इतका जाड की चिलखताचे सांधे बुजलेले. एकाचं शिरस्त्राण झगझगीत नारिंगी, त्याच्या टोकाला वाळलेल्या रंगाचा गोंडा. एकाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला बघत होते. माझ्या मनात आलं, अरेरे, रॉयने डोळे गेल्यावर हे चाचपत रंगवले असणार, आणि लाज वाटून इथे लपवले असणार. मला फार कणव आली. आणि कणवेच्या पाठीला पाठ लावून दुसरं काहीतरी आलं: हे मी असे करून देईन की सगळे बघत राहतील.

आमच्यात याची रीत आहे. जुने, बिघडलेले शिपाई मिळाले की ते डेटॉलच्या बरणीत बुडवायचे. एक दिवस ठेवायचे. मग दात घासायच्या जुन्या ब्रशने घासले की रंगाचा चिखल होऊन निघतो आणि खाली शिसं नव्यासारखं चमकतं. पायाखालची जुनी चकतीही काढून टाकायची, नवी लावायची. याला आम्ही शिपाई वाचवणं म्हणतो. मी शेकड्याने वाचवले होते.

चकत्या काढताना खाली शाईची अक्षरं दिसली. बारीक, गोल, एका ओळीत नीट बसवलेली. एकीखाली लिहिलं होतं, 'कायम उशिरा'. एकीखाली, 'दोन बिस्किटं खिशात'. मला हसू आलं. ज्याला समोरचा कप दिसत नाही त्याच्या हातची ही अक्षरं कशी असतील, हा प्रश्न मनात आला, अगदी स्पष्ट आला. मी तो दाबून टाकला. माझ्या डोक्यात तोवर नवे रंग ठरून गेले होते. चकत्या कचऱ्याच्या टोपलीत गेल्या.

ब्रशने घासताना मी कीर्तन लावलं होतं, रंगवताना नेहमी लावतो तसं. बुवा रंगात येऊन अहंकाराबद्दल सांगत होते, आणि मी मान डोलावत घासत होतो. एका शिपायावर नेलपॉलिश होतं, लाल. ते डेटॉलला दाद देईना. ते मी सुईच्या टोकाने कणाकणाने खरवडून काढलं. पाऊण तास लागला.

मग तीन आठवडे मी जीव ओतून रंगवलं. पातळ थरावर पातळ थर, चिलखतावर गंज, बुटांवर त्या ग्रहाची तांबडी धूळ. तसं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

तो गुरुवार आला. त्याच दुपारी इस्पितळातून सुटलेला रॉय काठी टेकत आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचीच खाण टेबलावर मांडली होती. मी डबा त्याच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की तुझे शिपाई, शेडमधले, आता खेळायला तयार.

त्याने पहिला उचलला. अंगठा शिरस्त्राणावरून फिरवला, पुन्हा फिरवला, मग तिथेच थांबवला. खाली ठेवून दुसरा घेतला. असे नऊही घेतले. हॉलमध्ये सगळ्यांना वाटलं, गडी गहिवरलाय. मलाही तसंच वाटलं.

"गुळगुळीत झालेत छान," तो म्हणाला.

खेळ झाला. टेरी म्हणाला की इतक्या देखण्या फौजेने हरणं हा गुन्हा आहे. रॉय हसला आणि हरला. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की फार मेहनत केलीस, आणि उद्या सकाळी चहाला ये.

सकाळी गेलो तेव्हा नऊजण स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने उभे होते. रॉयने चहा माझ्यापुढे सरकवला, साखर त्याने आधीच घातली होती. मग त्याने सांगितलं, आवाज न चढवता, जणू हवापाण्याबद्दल बोलतोय. त्या आजारपणाच्या हिवाळ्यात ग्लेनिस याच टेबलाशी बसून ते रंगवायची. तू डोंगर कर, मी माणसं करते, असं म्हणायची. ते शिपाई म्हणजे आपले गुरुवारवाले, नऊच्या नऊ. कुणाला दाखवायचे नाहीत, सगळे हसतील, अशी तिने शपथ घातली होती. रॉयला ते कधी दिसलेच नाहीत. ती गेल्यावर रोज संध्याकाळी तो डबा काढायचा आणि अंगठ्याने एकेकाला ओळखायचा. गोंडेवाला टेरी, हे टेरीच्या गोंड्याच्या लोकरी टोपीवरून त्याला लागलीच कळलं होतं.

मी कप खाली ठेवला. जमेल तशी क्षमा मागितली.

"माहीत असतं तर तू केलं नसतंस," रॉय म्हणाला. "मी कधी तोंड उघडलं नाही. ते राहू दे. तू ते भिंगातून पाहिलेस ना?"

"पाहिले."

"मग सांग. कसे होते?"

तेव्हा मला कळलं की या पृथ्वीतलावर ते शिपाई नीट पाहिलेला, ग्लेनिसनंतर, मी एकटाच होतो. सांगू लागलो. नारिंगी शिरस्त्राण आणि गोंडा सांगितला, खाली 'कायम उशिरा'. तो खुदकन हसला. दोन बिस्किटंवाल्याचं पोट तिने पिवळ्या रंगाने फुगवलं होतं, ते सांगितलं. दोन्ही डोळे एकीकडे असलेला सांगितला. रॉय म्हणाला, तो पाद्रीबुवांचा भाऊ, सतत दुसऱ्याचे फासे बघतो. एकाच्या खांद्यावर निळं फूल होतं. एकाच्या चिलखताला तिने पुढून गुंड्या काढल्या होत्या, स्वेटरला असतात तशा. मग मी म्हणालो की एकाचा चेहरा तपकिरी होता, आणि मिश्या, आणि खाली लिहिलं होतं 'तीन चमचे'.

म्हणालो, आणि थांबलो. समोर माझा चहा होता, तीन चमचे साखरेचा.

"तो मला कळला होता," रॉय म्हणाला. "मिशी लागायची अंगठ्याला."

मी स्वतःलाच बरणीत बुडवलं होतं, श्रोतेहो, आणि दात घासायच्या ब्रशने घासून वाहून जाऊ दिलं होतं. पण अजून कथा संपली नव्हती. रॉय टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"सहा झाले," तो म्हणाला. "आणि माझा?"

मी आठवलं. डोळे मिटून आठवलं. उरलेले तीन येईनात. चकत्यांखालचं वाचलं होतं, पण ज्याचं हसू आलं तेवढंच राहिलं. मी त्याला विचारलं की तुझा कसा ते तिने काहीच सांगितलं नव्हतं का. तो म्हणाला, नाही. तूच शोध, असं म्हणायची. दोघांवर त्याचा संशय होता, पण खात्री नव्हती. इस्पितळातून आल्यावर, डेव्हनला जायच्या आधी, तुलाच डबा दाखवून विचारणार होतो, म्हणाला. तिची शपथ तेवढ्यापुरती मोडणार होतो.

तेव्हा मला ते नेलपॉलिश आठवलं. मी सांगितलं की एकावर लाल नेलपॉलिश होतं.

"एकावरच?"

"एकावरच."

मांजर येऊन त्याच्या पायाला अंग घासून गेलं. मग रॉय म्हणाला की लाल नेलपॉलिश ती एकदाच ल्यायली होती, आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला. बाटली तशीच राहिली होती.

"कुठे होतं ते, वॅस? हातावर? छातीवर?"

मला सुईचं टोक आठवत होतं. त्या टोकावर येणारे लाल कण आठवत होते. पाऊण तास भिंगातून मी त्याच जागेकडे बघत होतो, आणि ती जागा कुठली होती हे मला आठवत नव्हतं. मी कामाकडे बघत होतो, शिपायाकडे बघितलंच नव्हतं. छातीवर, हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. त्याने विश्वास ठेवला असता. सुखावला असता. मी म्हणालो, "नाही आठवत, रॉय."

"असू दे, बदका," तो म्हणाला. "चहा निवतोय तुझा."

जानेवारीत मुलगा येऊन त्याला घेऊन गेला. नऊ शिपाई त्याने मलाच दिले. तुझं काम आहे, तुझ्याकडे शोभतील, म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच मला जड गेलं. नंतर मी एकाला पुन्हा बरणीत बुडवून तिच्यासारखं रंगवून पाहिलं. नारिंगी घेतलं, जाड लावलं, गोंडाही काढला. पण तो माझाच हात होता, मुद्दाम वाईट रंगवणारा. तोही पुसून टाकला. आता तो नुसत्या शिशाचा उभा आहे. आमच्या नियमाने त्याला टेबलावर जागा नाही.

रॉय पुढच्याच शिशिरात गेला, डेव्हनमध्ये. खरं बोललो ते बरं केलं की वाईट, याचा निवाडा मी अजून करू शकलेलो नाही. देवापुढे बसलो की 'छातीवर' हा शब्द पुन्हा जिभेवर येतो.

आता माझं मागणं. रंग गेला, अक्षरं गेली, ज्याच्या अंगठ्यात ते राहिले होते तो माणूसही गेला. माझंही वय झालं. तेव्हा ते सहा आता तुमच्याकडे ठेवा: गोंडेवाला, पिवळ्या पोटाचा, डोळे एकीकडे असलेला, निळ्या फुलाचा, गुंड्यांचा, आणि तीन चमचेवाला. सातवा, जमलं तर, लाल खुणेचा. कुठे ते विचारू नका. चहा ओतताना कधी आठवण झाली, तर ग्लेनिस बेस्टविकचं नाव घ्या. तिने आम्हा नऊजणांना पाहिलं होतं.