गळलेला केस

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो. जुना कसला, टकलाच म्हणा! माझ्या टोकाला खारीच्या शेपटीचे मोजून चार केस होते. आज तीन आहेत. त्या चौथ्याची गोष्ट सांगताना माझी मान वर होत नाही.

भारी घड्याळांच्या तबकड्यांवर मीनाकाम करणाऱ्या ताईंच्या हातात मी अकरा वर्षं होतो. तबकडी बाटलीच्या झाकणाएवढी. तिच्यावर त्या तळं, होडी, होडीतल्या माणसाच्या मिशासुद्धा काढायच्या. काचेची रंगीत पूड तेलात कालवून, भिंगातून बघत ठिपके ठेवायचे, की तबकडी भट्टीत. पुन्हा रंग, पुन्हा भट्टी, असं बारा वेळा. भट्टी काका सांभाळायचे. आच किती झाली, हे ते नुसत्या लालीवरून ओळखत.

"काका, चित्र मी काढते, पण रंग तुमच्या हातात खुलतो हो!" असं ताई म्हणाल्या की काका लाजायचे. मी मात्र कौतुकानं फुगायचो.

रंग घेण्याआधी कुंचल्याचे केस हलकेच ओढून बघायचे, असा तिथला नियम होता. सैल केस रंगात गळला, तर तो भट्टीत जळतो आणि मीन्यात छिद्र पडतं. माझा एक केस सैल झाला होता. मला ते कळत होतं. पण आता आपल्या जागी नवा येणार, या धास्तीनं मी जीव मुठीत धरून होतो. त्या दिवशी ताईंना घाई होती. "हा कसला दगा देतोय!" म्हणत त्यांनी मला तसंच रंगात बुडवलं. आणि मला, काय सांगू, हायसं वाटलं!

बाराव्या वेळी तबकडी बाहेर आली, तर होडीच्या मधोमध छिद्र. तीन महिन्यांचं काम मातीत गेलं. मालक काकांवर घसरले, "आच चुकवलीत तुम्ही!"

"नाही हो साहेब. ताई, तुम्ही तरी सांगा ना," काका म्हणाले.

ताईंनी मला भिंगाखाली धरलं. केस मोजले. त्यांचा चेहरा उतरला. मला खणात टाकून त्या हळूच म्हणाल्या, "भट्टीतलं मला काय कळतंय?"

काकांना भट्टीवरून काढलं आणि खोकी बांधायला बसवलं. दोन वर्षांनी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, ते ताईंच्या टेबलाशी आले. खण अर्धवट उघडा होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"ताई, माझ्या हातून तुमची तीन महिन्यांची मेहनत गेली. तेवढं पोटात घाला."

नुसतं ऐकून ऐकून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं! मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

"जाऊ द्या हो काका," ताई म्हणाल्या आणि त्यांनी खण लावून घेतला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं खरं तर मी सांगायला हवं. पण कुठल्या तोंडानं सांगू? मला खुशाल फेकून द्या. मात्र आपली चूक दुसऱ्याच्या माथी बसताना दिसली, तर त्याच दिवशी बोला. मला तोंडच नाही. ताईंना होतं, आणि तुम्हालाही आहे.