हळदीकुंकवातला साबण

मित्रांनो, मी कुंभवलीतल्या एका चाळीची जुनी सतरंजी आहे. कारखान्यात कामाला आलेल्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून मला बोईसरच्या बाजारातून आणले. बारसे असो की दहावा, पहिली हाक मला येई.

१९९६ च्या संक्रांतीनंतर चाळीतल्या गोजराबाईंनी मला हळदीकुंकवासाठी अंथरले. त्या दिवशी दाराशी दिनानाथ नावाचा माणूस बसला होता. त्याच्या योजनेत महागाचा साबण घेऊन सभासद व्हायचे, मग आणखी चौघींना आणायचे. "साबण वाण म्हणून द्या, मग सभासद व्हा म्हणा. वाण घेतलेली बाई नाही म्हणत नाही," असे त्यानेच गोजराबाईंना शिकवले होते. गोजराबाईंचे पैसे आधीच अडकले होते. दोघींना त्यांनी आणले होते, आणखी दोघी हव्या होत्या.

बायका कुंकू लावून साबण घेत होत्या. गोजराबाईंना स्वस्थ बसवेना. उठत, बसत, माझ्या काठाचे धागे उपटत.

शेजारची तानी पुढे सरकली. तिच्या नवऱ्याचा हात कारखान्यात भाजला होता, तो घरीच होता.

"वैनी, आमच्याकडं पैसं नाय. सभासद व्हायला या वाट्या गहाण टाकते. तुमाला पैसं मिळालं ना?" तिने मंगळसूत्राला हात घातला.

"हात काढ आधी!" गोजराबाई ओरडल्या. "मला एक रुपया मिळाला नाही. खाटेखाली साबणच साबण! धुऊन धुऊन यांचे शर्ट विरले."

"वहिनी, घाई करताय," दिनानाथ म्हणाला. "खाली माणसं जोडली की पैसा येतोच."

"आणि त्यांच्या खाली? गाव संपलं की शिरगावच्या किल्ल्याचे दगड करू का सभासद?"

तानी वाट्या पदराआड धरून घरी गेली. दिनानाथ पुन्हा फिरकला नाही, पैसेही आले नाहीत. आधी आणलेल्या दोघींनी गोजराबाईंशी बोलणे टाकले. हळूहळू चाळीतली हळदीकुंकवे थांबली. मी जिन्याखाली पडले. उंदरांनी माझा कोपरा खाल्ला.

मित्रांनो, कोणी योजना सांगितली तर विचारा, पैसे वस्तू विकून मिळणार की माणसे आणून? माणसे आणून म्हणाला, तर उठून या. आधीच फसला असाल, तर लाज वाटली तरी सांगा.

गोजराबाई अजून दिवाळीआधी मला ओढत उन्हात नेतात. माझी घडी घालायला दोघी लागतात. त्या एकट्याच खटपट करतात. अशी कोणी दिसली, तर जा आणि दुसरे टोक धरा.