काचेचं शेपूट

"पोरी, काचेच्या मध्ये सगळेच बघतात. तू शेपटाकडे बघ. काचेवर थेंब फासताना मोठ्या पेशी ओढल्या जातात, त्या थराच्या त्या निमुळत्या टोकालाच जाऊन बसतात."

सरांना जाऊन वर्षं लोटली, तरी सूक्ष्मदर्शकावर मान वाकवली की त्यांचा घोगरा आवाज डॉक्टरीणबाईंच्या कानाशी येई. रक्ततपासणी विभागात त्यांना 'दुर्बीणबाई' म्हणत, अर्थात पाठीमागे.

आज समोर चार वर्षांच्या मुलीच्या हाडातल्या मज्जेची काच होती. ताप हटता हटत नव्हता, प्लीहा सुजलेली, रक्तपेशी रोज घटत चाललेल्या. मागच्या आठवड्यातल्या मज्जेत काहीच सापडलं नव्हतं. आजार नवा असला की मज्जा गप्प बसते, म्हणून त्यांनीच पुन्हा सुई घालायला लावली होती. त्या एवढ्याशा हाडात, दुसऱ्यांदा. मनाला ते लागून राहिलं होतं.

"काका, रंग झकास धरलाय हो."

"तुमच्यासाठी नाही, त्या चिमणीसाठी धरलाय," काचा रंगवणारे काका म्हणाले.

एवढ्यात मुलांचा डॉक्टर दारात आला. "बाई, काय म्हणतेय काच?"

"तू गप्प बसलास तर म्हणेल."

"कसा बसू? कर्करोग असेल तर औषध वेगळं, शरीराच्या राखणदार पेशीच उलटतात तो तुमच्या संशयातला आजार असेल तर वेगळं. चुकलो तरी पोर हातची जाईल, आणि थांबलो तरी."

बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि काच शेपटाकडे सरकवली. कर्करोगाची पेशी कुठेच नव्हती. मग कडेला एक दिसली. अगडबंब, पोट टरारलेलं, आणि पोटात सबंध गिळलेल्या तांबड्या पेशी. मेलेल्या पेशींची झाडलोट करायला ठेवलेलीने घरातलीच जिवंत माणसं खायला घेतली होती. एकीवर विसंबायचं नाही, म्हणून बाई शोधत राहिल्या. पुढे दुसरी भेटली. तिसरीही.

"ये, बघ. रक्तातले सुजेचे आकडे?"

"आभाळाला टेकलेत."

"मग जुळलं सगळं. सुरू कर."

तो धावतच सुटला.

दुपारी बाई वॉर्डात गेल्या. सलाइन लागलेली मुलगी टक्क जागी होती.

"माझ्या हाडात काय होतं?"

"एक खादाड पेशी."

"केवढी?"

"टाचणीच्या डोक्यावर कितीतरी मावतील, एवढी."

"खोटं बोलतेस!"

"अगं, अहो म्हणावं मोठ्यांना!" आई ओशाळली. मग हळूच म्हणाली, "बरी होईल ना हो?"

"तसं वचन माझ्या हातात नाही, ताई. पण दुखणं काय आहे ते कळलं. आता अंधारात चाचपडायला नको."

"मला दाखव ती," मुलगी हटून बसली.

"ताप उतरला की दाखवीन. शब्द दिला."

ताप उतरला. पुढची वाट लांब होती, आणि संसर्गाच्या भीतीने मुलीला वॉर्डाबाहेर आणायची सोय नव्हती.

"मोबाइलवर फोटो काढून पाठवा की," काका म्हणाले.

"फोटो दाखवीन असं कुठे म्हटलं होतं?"

बाईंनी काच रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, सूक्ष्मदर्शकाची वायर काढली. एका हाताने मान, दुसऱ्याने बूड धरून त्यांनी तो तान्ह्या बाळासारखा छातीशी घेतला आणि कोपराने दार लोटून त्या जिन्याकडे निघाल्या.